लुंग्यांखालची वाट

१ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण

मी कॉन्व्हेंटमधून सुटीला घरी आले की तादेओ आणि मी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून दोघांत एकच कणीस खायचो. एक ओळ त्याची, एक माझी. त्याचे पुढचे दात पडले होते, म्हणून तो दाणे नखानं सोलायचा आणि माझ्या ओळीतलेही हळूच पळवायचा. आत आई चुलीशी काहीतरी पुटपुटत असायची. एवढंच. त्यात सांगण्यासारखं काहीच नाही. पण आज सकाळी गुहेच्या तोंडाशी तो माझ्यासमोर कणीस खात बसला होता, कमरेला पिस्तूल, मांडीवर वॉकीटॉकी, आणि मला तेच आठवलं.

मी म्हटलं, "ओळी सोडून खातोयस."

"ताई, आता सगळं कणीसच माझं. कमांडर आहे मी," तो म्हणाला. मग निम्मं मोडून त्यानं माझ्या हातात दिलं.

लष्करानं राज्य बळकावलं तेव्हा हा माझा धाकटा भाऊ चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देत होता आणि उरलेल्या वेळात मोटारसायकली दुरुस्त करत होता. मोर्च्यात त्याच्या वर्गातल्या एका मुलीला गोळी लागली. त्या संध्याकाळी त्यानं आजोबांची शिकारीची बंदूक माळ्यावरून खाली काढली. आज तीन गावांची माणसं त्याच्या शब्दावर उठतात, बसतात. सरकारच्या रेडिओवर तो दहशतवादी. आमच्यात तो दादा.

आम्ही गावं सोडून वर गुहांत राहतोय, आणि खाली आमची भातं पिकली आहेत. पुलाजवळ लष्कराची छावणी आहे. गेल्या वर्षी त्यांनी मळलेलं भात खळ्यातच पेटवलं. यंदा ते सांबरखिंडीतून वर, इथे गुहांपर्यंत आलं नाही तर ईस्टरपर्यंत मुलं कंदमुळांवर येतील. तादेओ म्हणतो, येईल. तो म्हणतो म्हणजे येईल.

४ नोव्हेंबर

संध्याकाळी सगळे बसले. खिंड राखायला माणसं थोडी, बंदुका त्याहून थोड्या. तादेओच्या तुकडीतला बू रेह म्हणाला, झाडं पाडून वाट अडवू. तादेओ म्हणाला, त्यांच्या करवतीपुढे झाडं किती टिकणार?

मला एकदम हसू फुटलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"बाई, काय झालं?" शाळेतून निवृत्त झाले तरी गावाला मी अजून बाईच.

मला सिस्टर अगाता आठवली होती. इटलीहून नवी आलेली. पाऊस उघडल्यावर तिनं आम्हा मुलींचं सगळं धुणं फाटकाच्या आत, डोक्यावरून जाईल एवढ्या उंच दोरीवर घातलं. लुंग्यासुद्धा! आमच्या आया तर बायकांच्या लुंग्या मागच्या कुंपणावर, कमरेच्या खाली वाळत घालायच्या. त्यांच्याखालून पुरुष गेला तर त्याचं तेज उतरतं, हे पाळण्यातल्या पोराला ठाऊक. पण गोऱ्या सिस्टरला सांगायचं कुणी? आमचा म्हातारा माळी फाटकाशी आला, थबकला, आणि मागे जाऊन भिंत चढून कोबीच्या वाफ्यात उतरला. दोरी होती तोवर तो रोज भिंतीवरूनच आला. सिस्टरला वाटलं, चोर आहे.

मी हे सांगितलं आणि म्हटलं, "खिंडीत लुंग्या टांगा. शिपाई खालून जाणार नाहीत. कडेनं जातील."

"आणि कडेला काय?" कुणीतरी विचारलं.

तादेओनं काटकीनं जमिनीवर दोन रेघा ओढल्या. "कडेचं मी बघतो," म्हणाला.

बायका आधी हसल्या. पुरुष जरा मागाहून हसले. मग तादेओ उठून बोलला. तेज-बिज हे खालच्या शिपायांचं खूळ, आपण देवाची लेकरं, आपल्या आयाबहिणींच्या कपड्याला आपण काय भ्यायचं, लढाई बरोबरीसाठी आहे तर ती इथूनच सुरू करू. किती छान बोलतो तो! सिस्टर अगाता असती तर तिनं त्याला चांदणी दिली असती.

७ नोव्हेंबर

दिवसभर लुंग्या गोळा केल्या. प्रे मेह, बू रेहची बायको आणि माझी जुनी विद्यार्थिनी, पाठीला तान्हं बांधून आली आणि एक विटकी लुंगी माझ्या अंगावर टाकून म्हणाली, "ही फाटकी घ्या, बाई. चांगली टांगली तर शिपाई चोरतील."

"चोरायला हात लावायला लागेल ना," मी म्हटलं.

"मग लाल घ्या! लग्नातली! ती बघून आमचे हे पण पळाले होते."

दोऱ्या आम्ही बायकांनीच बांधल्या. झाडापासून झाडापर्यंत, झाड नसेल तिथे खांब रोवून, एकामागून एक, खिंडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुरुष सगळे सुरुंग पेरायच्या कामात होते. दोऱ्यांखाली भाताची पाटी घेऊन माणूस सहज जाईल एवढी वाट मोकळी आहे. दोन्ही कडा पेरलेल्या. कुठे काय आहे ते तादेओला पाठ.

पाचवी आज्ञा मी वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतली. खून करू नकोस. आज माझ्याच युक्तीनं जमिनीत मरण पुरलं. झोपण्यापूर्वी जपमाळ घेतली, पण पहिल्या मण्यापुढे जाता येईना. मग प्रे मेहचं तान्हं शेजारी रडायला लागलं, तिला दूध येत नव्हतं. मी माळ ठेवून दिली. देवाला काय विचारायचं ते मला ठाऊक आहे, आणि तो काय उत्तर देईल तेही. तरीही दोऱ्या तिथेच राहतील.

११ नोव्हेंबर, संत मार्टिन

आले! सकाळीच आले, आणि गेले!

मी वरच्या कड्यावरून तादेओजवळ पालथी पडून बघत होते. शिपायांची रांग खिंडीच्या तोंडाशी आली आणि अशी थांबली, जशी शाळेत घंटेला थांबते. त्यांचा अधिकारी ओरडला. पुढचा शिपाई मागच्याकडे बघे, तो त्याच्या मागच्याकडे. कुणीतरी काठीनं एक लुंगी खाली पाडायला गेला तर अधिकाऱ्यानंच त्याला मागे ओढलं. ती पडली असती तर डोक्यावर पडली असती ना! शेवटी एकानं कडेला पाय टाकला.

ते मागे फिरले. त्याला उचलून नेताना तो आईला हाका मारत होता. आवाज अगदी कोवळा होता. मी त्याच्यासाठी प्रार्थना केली, मग खाली येऊन सगळ्यांबरोबर जेवले. दोन्ही खरं आहे, दोन्ही लिहून ठेवते.

तिरफळ घातलेली सॉसेजं कुणीतरी जपून ठेवली होती, ती भाजली. तांदळाच्या दारूचं मडकं मध्ये ठेवून सगळ्यांनी नळ्या लावल्या. तादेओनं माझा हात धरून उंच केला. "ही आपली सेनापती!" म्हणाला. मला लाजल्यासारखं झालं. या वयात.

१५ नोव्हेंबर

कापणी चालू आहे. रात्री कापायचं, पहाटे वाहायचं. खिंडीतून पाट्या घेऊन सगळ्या बायकाच येतात. पुरुष पहाऱ्यावर आहेत, शिवाय ते ओढ्याच्या वाटेनं जातात. ती लांबची, पण तादेओ म्हणतो, दोन्ही वाटा चालत्या ठेवायला हव्यात. लष्करी डोकं आहे त्याचं.

प्रे मेह आज ओझं टाकून माझ्यासमोर बसली. "बाई, तुम्ही मोजलंत का, खिंडीतून किती बाप्ये गेले?"

"त्यांना दुसरी कामं आहेत गं."

"हो. ओढ्यात मासे बघायची."

"तादेओ स्वतः दोनदा गेला काल खालून वर."

"खिंडीतून?"

मी म्हटलं, मला काय माहीत, तो नेहमी सगळ्यांच्या शेवटी येतो, मागे कुणी राहिलं का ते बघायला. ती उठली. तान्ह्याला दुसऱ्या खांद्यावर घेऊन निघून गेली. फार फटकळ मुलगी. वर्गातही अशीच होती.

१९ नोव्हेंबर

अवेळी पाऊस. नुसता कोसळतोय. माती खाली सरकतेय. खळ्यावरचं भात ताडपत्रीखाली आहे.

दुपारी ओढ्यावर तोफगोळे पडले. वरून त्यांची ती भुणभुणणारी विमानं बघून गेली असणार. माणूस कुणी गेलं नाही, पण ओढ्याची वाट संपली. आता खिंड हीच एक वाट.

२० नोव्हेंबर

तादेओ.

२२ नोव्हेंबर, संत सिसिलिया

आज लिहू शकते.

उजवा पाय गुडघ्याखाली गेला. नर्स म्हणते जगेल, ताप उतरला तर नक्कीच. तो पहाटे खालून येत होता, खिंडीत, एकटाच सगळ्यांच्या मागे. दोऱ्यांच्या कडेला, खांबापलीकडे.

तिथे तो कशाला गेला? वाट त्यानंच आखली. कुठे काय पुरलंय ते त्याला डोळे मिटून सांगता येत होतं. पावसानं माती सरकली, हे खरं. पण कडेला गेलाच कशाला?

तो शुद्धीवर आल्यावर मी विचारलं. त्यानं छताकडे बघत सांगितलं, "तार ढिली झाली होती. ती बघायला गेलो."

"अंधारात?"

"कमांडर आहे मी, ताई. बघायला लागतं."

मी सगळ्यांना तसंच सांगितलं. त्याच्यासारखा दक्ष माणूस तीन गावांत नाही. बाहेर प्रे मेह भात पाखडत होती, तिच्या हातातलं सूप थांबलं.

"बाई, कसली तार?"

"सुरुंगाची."

"ह्या सुरुंगांना तार नाही. बू रेहनं त्यांच्याबरोबरच पेरलेत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पुरुष आहे हो तो. दादा असला तरी."

मी तिला म्हटलं की आजारी माणसाबद्दल असं बोलू नये. मला राग आला होता. अजून आहे. त्यानं भर सभेत काय सांगितलं ते मी या वहीत लिहिलंय. तो खोटं बोलणाऱ्यातला नाही.

२३ नोव्हेंबर

संध्याकाळी पुरुषांना खिंडीतून पाट्या आणायला सांगितलं. ओढा बंद, बायका थकलेल्या, खाली निम्मं भात अजून पडून. मी स्वतः खिंडीच्या खालच्या तोंडाशी उभी राहिले.

कुणी हलेना. एकाचा पट्टा सुटला. एकाला तंबाखू आठवली. मग बू रेह पाटी घेऊन निघाला आणि पहिल्या दोरीपाशी येऊन सहज, अगदी सहज, खांबाच्या पलीकडे पाय टाकायला वळला.

मी त्याची पाटी मागून ओढली. दोघंही पडलो. भात सगळं चिखलात.

"काय करतोयस, गाढवा!"

"बाई, कडेनं जागा आहे. दादा रोज ह्या खांबाजवळनंच जायचे."

"रोज?"

तो चिखलातले दाणे वेचायला लागला. वर बघेना. "ओढा बंद व्हायच्या आधीपण, घाईत असले की. मला शिकवलं होतं कुठे पाय द्यायचा ते. त्या दिवशी पाऊस नसता तर..." मग रडकुंडीला येऊन म्हणाला, "दादा तार बघायला गेले होते असं तुम्हीच सांगितलंत ना? म्हणजे ते बरोबरच होते. मग आम्हाला का खालून घालताय?"

मी तिथेच चिखलात बसून राहिले. माझ्यासमोर लुंग्या वाऱ्यावर हलत होत्या. प्रे मेहची लाल, माझी निळी. शिपायांना थांबवायला टांगल्या, त्यांनी आमचेच पुरुष थांबवले. आणि त्या मडक्याभोवती मी किती हसले होते!

तादेओची तार ही माणसं खरी मानणार. त्यांना तेच हवंय. आणि मग उद्या बू रेह, परवा आणखी कोणी.

२४ नोव्हेंबर

तादेओशी बोलले. सगळ्यांना बाहेर घालवलं.

"तू खालून का गेला नाहीस?"

"सांगितलं ना. तार."

"बू रेह काल खांबाजवळनं निघाला होता. तू शिकवलेल्या जागेवर पाय देत."

त्यानं डोळे मिटले.  मला वाटलं, झोपला. मग म्हणाला, "ताई, मी त्यांना सांगतो तेव्हा मला ते खरं वाटतं. देवाची शपथ. पण दोरीखाली आलो की मान आखडते. बाबा दिसतात. बाबा म्हणायचे, ज्याचं तेज गेलं त्याच्या गोळीचा नेम चुकतो." मग अगदी हळू, "इतके लोक माझ्या भरवशावर आहेत. माझी गोळी चुकून कसं चालेल?"

 तो स्वतःसाठी भीत नव्हता.

पण मी म्हटलं, "त्यांना खरं सांग."

"काय सांगू? तुमचा कमांडर लुंगीला भ्याला आणि पाय घालवून बसला? ताई, उद्या माझं कोण ऐकेल?"

"नाही सांगितलंस तर तुझं ऐकून मरतील."

"जा तू."

"तादेओ..."

"जा म्हटलं ना! आयुष्यभर शिकवतच आलीस!"

मी आले. तो नाही सांगणार तर उद्या मी सांगेन, सगळ्यांसमोर. तो मला पुन्हा ताई म्हणाला नाही तरी चालेल. चालणार नाही, पण सांगेन.

२५ नोव्हेंबर, संत कॅथरीन

मला काही बोलावंच लागलं नाही.

सकाळी सगळ्यांना खिंडीत बोलावलं होतं. मी घसा साफ करते तोवर मागून आरडाओरडा. नर्स ओरडत होती, टाके उसवतील, टाके उसवतील. चौघांच्या खांद्यावर बांबूची डोली, तीत तादेओ, पांढराफटक, शिव्या देत. डोलीच्या पुढच्या डाव्या दांड्याला बू रेह.

डोली पहिल्या दोरीपाशी थांबवली. तादेओ कोपरांवर उठून बसला.

"ऐका. तार-बिर काही नव्हती. मी ह्या कपड्यांना भ्यालो. भाषण केलं आणि कडेनं गेलो. माझा पाय तिथे, त्या खड्ड्यात आहे. ज्याला माझ्यामागून जायचं असेल त्यानं तिकडनं जावं."

सगळ्यांच्या माना खड्ड्याकडे वळल्या.

"आणि ज्याला माझ्याबरोबर यायचं असेल," तो म्हणाला, "त्यानं खालून. उचला रे!"

डोली उचलायची म्हणजे चौघांनाही खालून जाणं आलं. बू रेहचं तोंड असं झालं होतं की मला दया आली. प्रे मेह मागून ओरडली, "डोळे उघडे ठेव! तीच लाल आहे, लग्नातली! तेव्हा नाही का आलास खालून?"

कुणीतरी फिसकन हसलं. बू रेहनं पाऊल टाकलं. लाल लुंगीचा काठ त्याच्या कपाळावरून घसरत गेला, मग तादेओच्या चेहऱ्यावरून. तादेओनं तो हातानं बाजूला केला नाही.

"दादा, तेज गेलं का?" मागून एकानं विचारलं.

"पायाबरोबर आधीच गेलं! आता उरलंय काय जायला?"

मग सगळेच आले. एकेक, माना आत घालून, पावसात निघाल्यासारखे. दोघांनी क्रूसाची खूण केली. एक डोळे मिटून आला आणि खांबाला धडकला. दुपारपर्यंत पाट्यांची रांग लागली होती आणि कोण कशाखालून जातंय याचं कुणाला भानही नव्हतं.

मी डोलीजवळ गेले. तो तापानं फणफणला होता.

"शिकवलंस एकदाचं," तो म्हणाला. मग, "ताई, पाणी."

२९ नोव्हेंबर

भात वर आलं. जवळजवळ सगळं. गुहेत शिरलं की नव्या तांदळाचा वास येतो, आणि मुलं उगाचच पोत्यांवर चढून बसतात.

खालून बातमी आली आहे. मोठी तुकडी निघाली आहे, चिलखती गाड्या पुलापर्यंत. त्यांचा अधिकारी बदललाय, नवा माणूस लुंग्या जाळत येणार म्हणे. जाळू दे. जाळायला थांबावं लागेल, आणि थांबले की ते आमच्या नेमात येतील.

म्हातारी माणसं, मुलं आणि तांदूळ सीमेकडच्या डोंगरात हलवायचे आहेत. तेवढा वेळ खिंड धरायला हवी. तादेओला डोलीतून पुढे पाठवतोय. त्यानं वॉकीटॉकी आणि पिस्तूल माझ्या ओच्यात टाकलं. सगळे बघत होते. त्यांच्यातला एकही पुरुष काही बोलला नाही. आठवडाभरापूर्वी बोलले असते.

"बाई, तुम्ही मागे थांबा, आम्ही जातो," बू रेह म्हणाला.

मी त्याला विचारलं, कमांडर कुठे असतो? तो म्हणाला, पुढे. मग झालं तर.

पाचव्या आज्ञेचं माझ्याकडे अजून उत्तर नाही. वर गेल्यावर सिस्टर अगाता छडी घेऊन उभी असेल तर तिच्यासमोर हात पुढे करीन. पण ही मुलं यंदा कंदमुळं खाणार नाहीत, हेही तिला सांगीन.

३० नोव्हेंबर

अजून उजेड आहे. थोडक्यात लिहिते, कारण मागाहून भांडणं नकोत.

शिवणयंत्र आमच्या जुन्या घराच्या मागे, फणसाखाली पुरलंय, तेल लावून, गोणपाटात. ते नर्स मुलीला. तिला टाके घालायला नव्हे, लग्नाचे कपडे शिवायला.

जपमाळ तादेओला. त्यानं ती गळ्यात घालू नये, म्हणावी.

चष्मा ज्याला बसेल त्याला.

शाळेची पितळी घंटा चर्चमध्ये आहे असं सगळ्यांना वाटतं. ती माझ्या पेटीत आहे. शाळा पुन्हा सुरू होईल त्या दिवशी काढावी, आधी नाही. लष्कराच्या शाळेला देऊ नये.

लोकरीची शाल बू रेहला. तो थंडीत शिंकतो आणि नेम चुकतो, त्याचं तेजाशी काही देणंघेणं नाही.

ही वही तादेओला. त्याला यातलं एक पान आवडणार नाही. ते त्यानं फाडू नये.

पिस्तूल त्याचं त्याला परत.

वॉकीटॉकी आणि त्याबरोबर जे काही येतं ते सगळं प्रे मेहला. तिच्या नवऱ्याला नाही. कुणी कुरकुर केली तर सांगावं, कमांडरचा हुकूम आहे.